संक्षेप आणि उद्धार

पूर्वींच्या चांदा जिल्ह्याचे आज दोन जिल्हे झाले आहेत: एक चंद्रपूर, आणि दुसरा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून निराळा झालेला गडचिरोली. या अरण्यप्रदेशांत, एटापल्ली तालुक्यामध्यें, सूरजागडचा डोंगर आहे. भोंवतालच्या माडिया गोंडांच्या गांवांना तो ठाकूरदेवाचें स्थान म्हणून वंद्य आहे, आणि दर वर्षीं जानेवारीच्या आरंभीं तेथें यात्रा भरते. खाणीच्या व्यवहारांतील लोकांना तोच डोंगर हेमॅटाइट नांवाच्या लोहखनिजाचा सांठा म्हणून ठाऊक आहे, व २००७ सालीं त्यांतील सुमारें ३४८ हेक्टर भूमीचा खाणपट्टा देण्यांत आला. एकाच डोंगराकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींतून जो वाद उत्पन्न झाला तो सर्वश्रुत आहे, आणि त्याचा निवाडा करणें हा प्रस्तुत विषय नव्हे. परंतु असल्या प्रत्येक वादांत अखेर कागद पुढें करावा लागतो. तो कागद आज कोणत्या रूपानें राहतो, कसा बिघडतो, आणि बिघडला असतां कसा परत मिळवितां येतो, हा इतिहास मात्र लक्षपूर्वक ऐकण्याजोगा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें व त्याखालील नियमांप्रमाणें गांवानें आपला दावा मांडतांना जे पुरावे देतां येतात, त्यांत जुनीं गॅझेटियरें, शिरगणतीचीं पत्रकें, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रहानें घेतलेलीं चित्रें, आणि दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब यांचा समावेश होतो. याच जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविला, तो अशाच कष्टपूर्वक जमविलेल्या कागदांच्या बळावर. चांदा जिल्ह्याचा १८६९ चा जमाबंदीचा अहवाल किंवा १९०९ चें गॅझेटियर हीं छापील पुस्तकें आहेत. त्यांच्या एखाद्या प्रतीला वाळवी लागली, तर वाळवीनें खाल्लेलीं पानें तेवढीं जातात. उरलेलीं पानें पूर्ववत् वाचतां येतात. आजचे नकाशे, चित्रें आणि ध्वनिमुद्रित जबाब हे मात्र संगणकाच्या फाइलींत राहतात, आणि जागा वांचावी, पाठविण्यास सोपें जावें, म्हणून त्या फाइली दाबून लहान केलेल्या असतात. व्यवहारांत ज्याला ‘झिप करणें’ म्हणतात तो हाच प्रकार होय. अशा फाइलीचें एकच अक्षर बिघडलें तर पुष्कळदां त्यामागून येणारें सर्वच लिखाण हातचें जातें. वाळवीनें एक पान खावें आणि तेवढ्यानें सबंध ग्रंथ मुका व्हावा, असा हा प्रकार आहे. असें कां व्हावें?

याचें कारण समजण्यास परदेशीं जाण्याची आवश्यकता नाहीं. पाणिनीची अष्टाध्यायी हा संक्षेपकलेचा जगांतील अत्यंत प्राचीन व अत्यंत परिपूर्ण असा नमुना आहे. सुमारें चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचें अवघें व्याकरण सामावलें, तें दोन युक्तींच्या योगानें. पहिली युक्ति प्रत्याहाराची: चौदा शिवसूत्रांतील वर्णांचा क्रमच असा लावला आहे कीं, ‘अच्’ एवढें म्हटलें म्हणजे सर्व स्वरांचा बोध व्हावा. दुसरी युक्ति अनुवृत्तीची: एका सूत्रांत एकदां आलेला शब्द पुढील सूत्रांत पुन्हां न उच्चारतां गृहीत धरावयाचा. शब्दांची अपार बचत यामुळें झाली. परंतु जो शब्द पुढें दहा सूत्रांपर्यंत चालत जावयाचा, तोच नकलकाराच्या हातून गळला, तर हानि एका सूत्राची होत नाहीं, त्यामागील दहाही सूत्रें निरर्थक होतात. पुनरुक्ति काढून टाकली म्हणजे लाघव येतें खरें, पण त्याबरोबर आधारहि जातो.

नेमकी हीच गोष्ट विसाव्या शतकांत यंत्रांच्या बाबतींत घडली. अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं संदेशाचें गणित मांडलें, व प्रत्येक भाषेंत आवश्यकतेहून किती अधिक अक्षरें असतात तें मोजण्याची रीति दाखविली. १९५२ सालीं डेव्हिड हफमन यांनीं वारंवार येणाऱ्या अक्षराला आंखूड खूण आणि क्वचित् येणाऱ्या अक्षराला लांब खूण देण्याची उत्तम पद्धति प्रसिद्ध केली. पुढें १९७७ सालीं इस्रायलचे याकोब झिव्ह व अब्राहम लेंपेल यांनीं अनुवृत्तीचीच यांत्रिक आवृत्ति काढली. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी कीं, एका जबाबांत ‘ग्रामसभा’ हा शब्द पन्नास वेळां आला आहे. यंत्र तो शब्द पहिल्या वेळीं पूर्ण लिहितें. नंतर मात्र ‘इतकीं अक्षरें मागें जा आणि तेथून इतकीं अक्षरें उचल’ एवढीच आज्ञा लिहून ठेवतें. झिप फाइलींचा सर्व व्यवहार मुख्यतः या दोन युक्तींवर चालतो. १९९२ सालीं निघालेली ‘जीझिप’ ही आज्ञावलि ३२,७६८ अक्षरांपर्यंत मागें पाहूं शकते. आतां त्या मागच्या अक्षरांत एक जरी चूक शिरली, तरी तिच्याकडे बोट दाखविणारी पुढची प्रत्येक आज्ञा चुकीचेंच अक्षर उचलते, आणि त्या उचललेल्या चुकीकडे बोट दाखविणाऱ्या आज्ञा ती आणखी पुढें नेतात. शिवाय खुणांची लांबी सारखी नसल्यामुळें, एक खूण बिघडली कीं पुढच्या खुणांच्या सीमाहि भलत्याच ठिकाणीं पडूं लागतात.

आणि चूक न शिरणें हें तर कोणाच्याच हातीं नाहीं. संगणकाच्या फितीवर व जुन्या तबकड्यांवर जो तपकिरी लेप असे, तो लोखंड आणि प्राणवायु यांच्या संयोगाचा. सूरजागडच्या हेमॅटाइटाची आणि त्या भुकटीची रासायनिक घटना एकच, केवळ स्फटिकांतील अणूंची मांडणी निराळी. १९५६ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें जें पहिलें तबकडीयंत्र विक्रीस काढलें त्यांत पन्नास तबकड्या असून त्यांवर सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. पुढें लेप बदलला व कोबाल्टच्या मिश्रधातूंचे पातळ थर आले. परंतु लिखाण म्हणजे अखेर चुंबकत्वाचे सूक्ष्म ठिपके, हें सूत्र या तबकड्यांत कायम राहिलें. ते ठिपके काळानें, उष्णतेनें, धक्क्यानें किंवा पाठविण्याच्या मार्गांतील व्यत्ययानें कोठें तरी पुसले जावयाचेच.

तेव्हां दुसरी विद्या जन्मास आली, ती चूक ओळखण्याची व दुरुस्त करण्याची. तिचें मूलतत्त्वहि या देशाला अपरिचित नव्हतें. घनपाठी वैदिक दोन-तीन पदें घेऊन पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें-तिसरें, अशा क्रमानें म्हणतो. हा वेळेचा अपव्यय नव्हे. एखादें पद सुटलें किंवा मागें-पुढें झालें तर तें तत्काळ कानाला खटकावें, यासाठीं केलेली ती हेतुपुरस्सर पुनरुक्ति आहे. बेल प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग यांना हीच निकड भासली. १९४७ च्या सुमारास त्यांचें गणित शनिवार-रविवारच्या सुटींत, यंत्रापाशीं कोणी नसतांना चालत असे. यंत्राला चूक झाल्याचें समजे, पण दुरुस्त करतां येत नसे. तें सरळ गणित सोडून देई, आणि सोमवारीं हॅमिंग यांच्या हातीं कांहींच लागत नसे. ज्या यंत्राला चूक झाल्याचें कळतें त्याला ती कोठें झाली हेंहि कां कळूं नये, या त्राग्यांतून त्यांची पद्धति निघाली व १९५० सालीं ती प्रसिद्ध झाली. मूळ चार खुणांना तीन पडताळ्याच्या खुणा जोडल्या, तर सातांपैकीं कोणतीहि एक बिघडली तरी ती नेमकी हुडकतां येते, असा तिचा सर्वांत परिचित नमुना आहे.

या विद्येच्या पुढील इतिहासांत जुन्या मध्यप्रांताशीं संबंध असलेलीं दोन नांवें येतात, व तीं विदर्भानें विसरूं नयेत. राजचंद्र बोस यांचा जन्म १९०१ सालीं होशंगाबाद येथें झाला. त्यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे १९१७ सालीं सागर येथें जन्मले, नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयांत शिकले, तेथेंच त्यांनीं कांहीं काळ अध्यापनहि केलें, आणि १९५० सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत बोस यांच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. १९५९ सालीं या गुरुशिष्यांनीं पार्कर यांच्यासह ऑयलर या थोर गणित्याचें सुमारें पावणेदोनशें वर्षें जुनें अनुमान खोटें ठरविलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं बोस व श्रीखंडे यांनीं चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या रचनेवर एक निबंध लिहिला, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. पुढील वर्षीं बोस यांनीं द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्या साहाय्यानें जे संकेत शोधून काढले, ते फ्रान्सच्या ओकेंगेम यांनींहि स्वतंत्रपणें शोधल्यामुळें तिघांच्या नांवांनीं ओळखले जातात. १९६० सालींच रीड आणि सॉलोमन यांनीं आपली पद्धति मांडली. गाण्याच्या चकत्या आणि दुकानांतील चौकोनी संकेतचित्रें ओरखडे पडूनहि वाचतां येतात तीं हिच्याच बळावर. श्रीखंडे यांनीं पुढें मुंबई विद्यापीठांत गणित विभागाची धुरा वाहिली, आणि शंभरी ओलांडून २०२० सालीं ते निवर्तले.

अशा रीतीनें एक विद्या पुनरुक्ति काढून टाकणारी आणि दुसरी ती हिशेबानें परत घालणारी. खेदाची गोष्ट ही कीं, नित्याच्या झिप फाइलींत पहिली विद्या पुरेपूर वापरली गेली आणि दुसरीचा केवळ अर्धा भाग घेतला गेला. फाइलीच्या शेवटीं बहुधा बत्तीस खुणांची एक पडताळ्याची संख्या असते. वाण्याच्या वहींतील बेरजेप्रमाणें ती ‘हिशेब जमला’ किंवा ‘हिशेब चुकला’ एवढेंच सांगते. चूक कोणत्या ओळींत आहे हें ती सांगत नाहीं. तरीहि हा मूक साक्षीदार फार मोलाचा आहे. कारण बिघडलेलें लिखाण केवळ योगायोगानें त्याच्याशीं जुळण्याचा संभव सुमारें ४२९ कोटींत एक इतकाच असतो.

उद्धाराच्या कामांत पहिलें मोठें यश इंग्लंडांतील ज्यूलियन सीवर्ड यांनीं १९९६ सालीं काढलेल्या ‘बीझिप-टू’ या आज्ञावलीनें दाखविलें. तिची पद्धति बरोझ व व्हीलर यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका क्रमरचनेवर आधारलेली आहे. सबंध फाइल एकसंध न दाबतां ती अधिकांत अधिक सुमारें नऊ लाख अक्षरांचा एकेक खंड करते, प्रत्येक खंड स्वतंत्रपणें दाबते, आणि प्रत्येकाला निराळी पडताळ्याची संख्या जोडते. प्रत्येक खंडाच्या आरंभीं सीवर्ड यांनीं एक ठराविक खूण घातली. ती म्हणजे वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचे बारा अंक, ३१४१५९२६५३५९. फाइलीच्या समाप्तीला त्याच संख्येच्या वर्गमूळाचे अंक येतात. गांवाच्या शिवेवर जसा दगड पुरावा तशी ही योजना आहे. अठ्ठेचाळीस सूक्ष्म खुणांची ही मालिका इतरत्र आपोआप उद्भवण्याचा संभव प्रत्येक जागीं सुमारें २८१ लाख कोटींत एक.

या दगडांच्या आधारें काम करणारें साधन ‘बीझिप-टू-रिकव्हर’ या नांवाचें आहे. त्याला चित्रें नाहींत, बटणें नाहींत. ज्याला कमांड लाइन म्हणतात त्या मोकळ्या पडद्यावर साधनाचें नांव टंकावें, एक जागा सोडावी, आणि बिघडलेल्या फाइलीचें नांव द्यावें, इतकाच त्याचा विधि. मग तें साधन फाइलीच्या आरंभापासून एकेक सूक्ष्म खूण पुढें सरकत शिवेचे दगड शोधतें, आणि दोन दगडांमधील प्रत्येक खंड स्वतंत्र, अनुक्रमांक घातलेल्या फाइलींत उतरवून ठेवतें. त्यानंतर प्रत्येक खंडाची पडताळणी करावयाची; जे जुळतील ते क्रमानें उलगडून जोडावयाचे, जे जुळणार नाहींत ते बाजूस ठेवावयाचे. मुळांत नऊ कोटी अक्षरांची फाइल असेल तर तिचे सुमारें शंभर खंड होतात, आणि एका ठिकाणीं बिघाड झाला असतां नव्याण्णव हातीं येतात. अर्थात् या उपायाला मर्यादाहि आहे. बिघडलेला खंड सबंधच जातो, कारण त्यांतील अक्षरें क्रमरचनेंत इतकीं मिसळलेलीं असतात कीं अर्धा खंड उलगडणें शक्य नसतें; आणि ज्या फाइलींत मुळीं एकच खंड आहे, तिला या साधनाचा कांहींच उपयोग नाहीं. जीझिपच्या फाइलींत तर असे शिवेचे दगडच नाहींत. तेथें बिघाडाच्या अलीकडचा भाग मिळतो, पलीकडचा बहुधा अंधारांत चांचपडावा लागतो.

स्पेनचे आंतोनिओ दियास दियास यांनीं याच्याहि पुढचें पाऊल टाकलें. २००८ सालीं त्यांनीं ‘एल्झिप’ ही आज्ञावलि काढली आणि लौकरच ‘एल्झिप-रिकव्हर’ हें उद्धाराचें साधन तिला जोडून दिलें. विभागांतील एकच अक्षर बिघडलें असेल, तर हें साधन संशयित जागीं एकेक दुसरें अक्षर घालून पाहतें, आणि ज्याच्या योगें पडताळ्याची बेरीज जुळते तें खरें मानतें. मात्र त्याचा खरा गुण दुसराच आहे. एकाच फाइलीच्या दोन-तीन प्रती असाव्यात, त्या सर्व बिघडलेल्या असाव्यात, परंतु प्रत्येकीचा बिघाड निराळ्या जागीं असावा, अशा वेळीं तें साधन त्या प्रती शेजारीं ठेवून त्या जेथें जेथें भिन्न आहेत तेवढ्याच जागा तपासतें, निरनिराळे पर्याय जुळवितें, आणि बेरीज जमतांच निर्दोष प्रत हातीं देतें. एकहि प्रत शुद्ध नसतां शुद्ध पाठ सिद्ध होतो.

मराठी वाचकाला येथें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. तेथें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम सुरू झालें; १९२५ पासून १९४३ मध्यें देहावसान होईपर्यंत विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं त्याचें संपादन केलें, व १९६६ सालीं तें पूर्णतेस गेलें. एक हजार दोनशें एकोणसाठ हस्तलिखितें तपासलीं गेलीं. त्यांतील एकहि निर्दोष नव्हतें. परंतु काश्मीरच्या शारदा लिपींतील पोथी आणि केरळच्या मल्याळी लिपींतील पोथी, ज्यांची गांठभेट शतकानुशतकें झाली नव्हती, त्या जेथें एकमुखानें बोलत तेथें संपादकाला पाठाचा भरंवसा वाटे. फरक इतकाच कीं, व्यासांनीं ग्रंथाच्या शेवटीं पडताळ्याची संख्या लिहून ठेवलेली नव्हती. यंत्र जेथें क्षणांत निकाल देतें तेथें या पंडितांना आयुष्यें वेंचावीं लागलीं.

या सर्व इतिहासांतून जो व्यवहार शिकावयाचा तो साधा आहे. उद्धाराचें साधन कितीहि कुशल असलें, तरी जें लिखाण कोठेंच उरलें नाहीं तें निर्माण करण्याचें सामर्थ्य त्याच्या ठायीं नाहीं. पेरून ठेवलेली पुनरुक्ति तेवढी तें वेंचून आणतें. म्हणून फाइल बिघडली असें कळतांच मूळ प्रतीवर कोणतेहि प्रयोग करूं नयेत. आधीं तिची जशीच्या तशी नक्कल घ्यावी आणि उपचार नकलेवर करावे. तबकडीच क्षीण झाली असेल तर जें सहज वाचतां येतें तें प्रथम उतरून घ्यावें आणि दुर्वाच्य भाग शेवटीं हाताळावा. याच दियास यांचें २००४ पासूनचें ‘डीडी-रेस्क्यू’ हें साधन याच क्रमानें चालतें. महत्त्वाचा दस्तऐवज एकाच मोठ्या गांठोड्यांत दाबून ठेवूं नये, लहान लहान विभागांत ठेवावा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, दोन प्रती एकाच कपाटांत ठेवणें म्हणजे एकच प्रत ठेवणें होय; एक गांवीं, एक तालुक्याला, एक आणखी दूर, अशा त्या असाव्यात, व वर्षांतून एकदां त्यांची पडताळणी व्हावी. वर्षभर न उघडलेल्या कणगींतील धान्याला कीड लागली कीं नाहीं हें पेरणीच्या दिवशीं पाहून चालत नाहीं.

ज्या गांवचा डोंगर, ज्याचें देवस्थान, ज्याची वहिवाट कागदावर सिद्ध करावी लागते, त्या गांवाला ही काळजी चैनीची वाटण्याचें कारण नाहीं. नकाशा पुन्हां काढतां येईल, उपग्रहाचें चित्र पुन्हां मागवितां येईल. परंतु ज्या वृद्धानें आपल्या माडिया बोलींत सीमा सांगितली, तो गेल्यानंतर त्याचा जबाब दुसऱ्यानें देतां येत नाहीं. त्याची वाणी जेवढ्या प्रतींत, जेवढ्या जागीं सांभाळलेली असेल, तेवढीच ती पुढच्या पिढीच्या कामास येईल.